पाटलांनी नातू आंब्यावर ठेवला

एका गावात एक बालवाडी होती आणि तिला भिंतीच नव्हत्या. ओढ्याकाठी एक जुना आंबा, त्याच्याजवळ मातीचा ढीग, पाण्याचा रांजण आणि वादळात पडलेला एक लांबलचक ओंडका, एवढाच तिचा पसारा. तीन-चार वर्षांची चिल्लीपिल्ली सकाळी तिथे जमत. चिखलाच्या भाकरी थापत, मुंग्यांच्या रांगेमागे रांगत जात, ओंडक्यावर पालथी पडून सरडा होत. सरड्याने पुढे जावं, मागे जावं, फक्त उभं राहायचं नाही.

बालवाडीच्या बाई मुलांना काही शिकवताना दिसत नसत. त्यामुळे त्या शिकवतच नाहीत, असं गावाचं पक्कं मत होतं. मोठ्या माणसांना पाठांतर ऐकू आलं की बरं वाटतं, त्याला कोण काय करणार!

बाईंचा नियम मात्र एक होता आणि तो कडक होता. आंब्यावर ज्याला स्वतः जेवढं चढता येईल, तेवढंच त्याने चढायचं. कोणी कोणाला उचलून ठेवायचं नाही. एखादं पोर "बाई, मला वर घ्या ना," म्हणून रडलं, तर बाई त्याच्याशेजारी बसून म्हणत, "तुझे पाय नेतील तेव्हा जा. आंबा कुठे पळून जात नाही."

धनगराची गोदी चढण्यात तरबेज होती. ती थेट फांद्यांच्या बेचक्यापर्यंत जाई आणि तिथे बसून पाय हलवी. पाटलांचा नातू मल्हारी मात्र जमिनीवरच. घरी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलेलं. पायाला माती लागली तर चार माणसं पाणी घेऊन धावत. बालवाडीत येऊन त्याला आठच दिवस झाले होते. ओंडक्यावरचा सरडा त्याला जमू लागला होता, पण आंब्याला त्याने अजून नुसता हातच लावून पाहिला होता.

नातू म्हणजे दुधावरची साय, आणि पाटलांना ही एकच साय. एके दिवशी ते कडब्याने भरलेल्या बैलगाडीवर बसून शेतातून येत होते. गाडीवाट आंब्याखालूनच जात होती. पाहतात तो काय, गोदी बेचक्यात आणि मल्हारी खाली, तोंड वर करून उभा.

पाटलांना ते फार लागलं. "धनगराची पोर वर आन् पाटलाचा नातू खाली व्हय?" ते गरजले. "ये रं मल्हारी, तिच्याबी वर बसवतो तुला!"

बाई धावत आल्या. "पाटील, नका उचलू त्याला. त्याला अजून उतरता येत नाही."

"मी हाय की उतरवायला!"

गाडीवानाने मल्हारीला वर दिलं. पाटील कडब्यावर उभे राहिले आणि हात उंच करून त्यांनी नातवाला वाटेवर आडव्या आलेल्या फांदीवर बसवलं. आता तो गोदीपेक्षा उंच होता. मल्हारी हसला, पाटलांची छाती फुगली.

तेवढ्यात एका बैलाला गोमाशी चावली. बैल उधळले, गाडीला हिसका बसला आणि पाटील कडब्यासकट घरंगळत ओढ्याच्या उतारावर आले. त्यांना खरचटलंही नाही. गाडी पुढे जाऊन चरात कलंडली आणि गाडीवान बैलांमागे पळाला. मल्हारी दोन पुरुष उंचीवर एकटाच राहिला.

त्याने खाली पाहिलं आणि किंकाळी फोडली.

पाटील ओढ्याच्या बाजूला उभे होते. त्यांनी दोन्ही हात पसरले. "हिकडं ये बाळा! आजोबाकडं ये!" ते ओरडले. आणि मल्हारी आजोबांकडे निघाला. म्हणजे फांदीच्या टोकाकडे. खाली गाडीवाट संपली, ओढ्यातले मोठमोठे धोंडे सुरू झाले. फांदी बारीक होत गेली. ती करकरली आणि वाकली.

लोक जमले. कोणी देवळातली शिडी आणायला पळालं, पण देऊळ गावाच्या दुसऱ्या टोकाला. कोणी घोंगडी आणली, पण त्या धोंड्यांत ती धरून उभं कुठे राहणार? जो तो काहीतरी ओरडत होता.

बाईंनी गोदीला हळूच खाली उतरवून घेतलं. मग त्या पाटलांपुढे आल्या. "पाटील, गप्प बसा. आणि त्याच्या नजरेआड व्हा."

"माझा नातू वर लटकलाय न् मी नजरंआड होऊ?"

"तो तुमच्याकडे येतोय, म्हणूनच टोकाला जातोय. तुम्ही दिसलात तर अजून येईल."

पाटलांना गप्प बस म्हणणारं त्या गावात आजवर कोणी जन्मलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. फांदी पुन्हा करकरली. पाटलांनी तोंड मिटलं. पाठ फिरवून ते मातीच्या ढिगामागे जाऊन बसले आणि उपरण्याचा बोळा त्यांनी तोंडात कोंबला. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड काम होतं. त्यांना पाहून लोकही चूप झाले.

बाईंनी पदर खोचला आणि त्या बेचक्यापर्यंत चढल्या. त्यापुढे फांदीने त्यांचं वजन पेललं नसतं. "मल्हारी," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "फांदीवर पालथा पड. आता आपण सरडा."

"मला आजोबा पायजेत," मल्हारी हुंदके देत म्हणाला. तो हलेना.

तेव्हा गोदी धावत ओंडक्यावर जाऊन पालथी पडली. तिच्यामागे दुसरं पोर, मग तिसरं. बघता बघता सगळी बालवाडी ओंडक्यावर पालथी पडली. "मल्हारी, आमी बी सरडा हाय!" गोदी ओरडली. "मागं सरकायचा डाव हाय. ये की!"

मल्हारीने मान वळवून खाली पाहिलं. सगळे सरडे मागे सरकत होते. त्याने फांदीवर गाल टेकला. एक गुडघा मागे घेतला. मग दुसरा.

निम्म्या वाटेवर त्याचा पाय निसटला आणि हवेत लोंबू लागला. लोकांच्या तोंडून एकदम "अगं आई!" निघालं. ढिगामागे पाटलांनी ते ऐकलं. काय झालं ते त्यांना दिसत नव्हतं. ते अर्धे उठले. आणि पुन्हा खाली बसले. मातीत बोटं रुतवून, डोळे मिटून बसून राहिले.

"सरड्याला चार पाय असतात," बाई म्हणाल्या. "एक निसटला, तीन आहेत. तो वर घे सावकाश."

पाय वर आला. मल्हारी पुन्हा सरकला. एक वीत. अजून एक वीत. आणि बाईंच्या हातात त्याचा घोटा आला.

बेचक्यापासून खाली मात्र बाईंनी त्याला पाठीवर घेऊन आणलं. नियम झाला तरी तो पोरासाठी असतो, पोर नियमासाठी नसतं.

लोकांच्या जिवात जीव आला, आणि जीव आला तसे ते अक्कलही पाजळू लागले. "पाटील, हे झाडच तोडून टाका," एक जण म्हणाला.

पाटील नातवाला छातीशी धरून उभे होते. "झाडानं न्हाई ठिवला त्याला तिथं," ते म्हणाले. "म्या ठिवला."

दुसऱ्या दिवशी मल्हारी आंब्याखाली उभा राहिला आणि त्याने सवयीने हात वर केले. "आजोबा, उचला."

पाटलांनी आपले हात पाठीमागे बांधून घेतले. "मी हितंच बसतो, बाळा. तू बघ."

मल्हारी रुसला, रडला, घसरला. असे कितीतरी दिवस गेले. पाटील रोज येत, मातीत बसत आणि हात पाठीशी ठेवत. एका सकाळी मल्हारी बुंध्यावरच्या पहिल्या गाठीवर जाऊन बसला. ती गाठ पाटलांच्या गुडघ्याएवढी उंच होती.

"आजोबा, धरू नका हं," तो म्हणाला, आणि आपले पाय शोधत शोधत स्वतःच खाली उतरला.

पाटील सगळ्या पोरांसमोर ढसाढसा रडले.

तात्पर्य: मुलाला उचलून उंचावर ठेवणं सोपं असतं, आपले हात आवरून त्याला स्वतःच्या पायांनी चढू-उतरू देणं, हीच खरी माया.