अध्यक्षांचा नवा गुडघा

वाचनालयातला जुना लॅपटॉप एखादं पुस्तक शोधायला लागला की वाचकांचा जीव टांगणीला लागायचा. रांग वाढायची, लोक घड्याळ बघायचे आणि ग्रंथपाल वृंदाताईंचा पाय टेबलाखाली सारखा हलत राहायचा. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "मशीन ठणठणीत आहे, नुसती मेमरी वाढवा."

पण त्यासाठी अध्यक्ष दादासाहेब मोहोळकरांची परवानगी हवी. शनिवारी ते दणदण जिना चढून आले. "नवा गुडघा बसवल्यापासून बघा कसा पळतोय मी!" असं सगळ्या रांगेला ऐकवून खुर्चीत बसले. वृंदाताईंनी लगेच मेमरीचा विषय काढला.

"छे! म्हाताऱ्या यंत्रात नवा भाग कशाला घालायचा? जुनं झालं की सरळ काढून टाकावं. पुढच्या वर्षी बघू नवा लॅपटॉप."

म्हणजे वर्षभर हीच रांग! वृंदाताईंचा पाय एकदम थांबला.

"दादासाहेब, तुमचा हा नियम आम्हाला आधी कळायला हवा होता. तुमचा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हाच आम्ही अध्यक्ष बदलले असते."

रांगेत खसखस पिकली. दादासाहेबांचा हात नकळत गुडघ्यावर गेला.

"दुरुस्तीवाल्याला आजच बोलवा," ते पुटपुटले, आणि जाताना जिना मात्र कठडा धरून गुपचूप उतरले.