रेवाईची फाइल

"मंग, उघडली का फाइल?" केसोबाबांनी विचारलं.

"उघडली, बाबा. पण आत काही नाही. नुसता कचरा."

श्रीरंग पुण्याहून या महानुभाव मठात दीक्षा मागायला आला होता. कॉम्प्युटरमधली त्याला न येणारी गोष्ट अजून जन्माला यायची होती, निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. पण मठाचे महंत असलेले बाबा दीक्षेचं नाव काढत नव्हते. त्यांनी त्याला मठातल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि हातात एक पेनड्राइव्ह दिला.

त्यात रेवाईची पदं होती. रेवाई मठातली म्हातारी तपस्विनी. जन्मभर पदं रचली, अमरावतीच्या एका छापखान्यात टाइप करून घेतली आणि देह ठेवला. मागे तिच्या हातचे कागद वाळवीने फस्त केले. उरली ती ही एकच फाइल.

आणि पडद्यावर काय? उलटेसुलटे स्वल्पविराम, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. पानंच्या पानं!

"दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. व्हायरसही तपासला. आता ब्रह्मदेवाचा बाप आला तरी..." श्रीरंगने खांदे उडवले. "पुसून टाकतो."

बाबा उठले. कपाटातून रुमालात बांधलेली पोथी आणली, गाठ सोडली आणि एक पान त्याच्यापुढे धरलं.

"वाच बरं."

अक्षरं मराठी, पण शब्द एकही लागेना. श्रीरंग अडखळला, पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

"याला काही अर्थच नाही, बाबा."

"मंग टाकू विहिरीत?"

बाबांनी पान स्वतःकडे घेतलं. त्याच अक्षरांवर बोट फिरवत ते गाऊ लागले. ओवी! स्वच्छ, नितळ ओवी.

"जुन्या महंतांची लिपी हाये, बाप्पा. एका अक्षराच्या जागी दुसरं."

श्रीरंग पडद्याकडे वळला. तो कचरा त्याने आता कुठे नीट पाहिला. दर चौथी ओळ त्याच त्या अक्षरांवर संपत होती. कचऱ्याला कुठलं आलंय यमक?

वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव होतं. जुना मराठी फॉन्ट, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दाखवणारा, आणि या कॉम्प्युटरमध्ये नसलेला. सकाळपासून ते नाव डोळ्यांसमोर होतं, पण सगळं येतं म्हटल्यावर वाचतंय कोण!

पेनड्राइव्हमध्ये एक चिमुकली फाइल होती. फालतू म्हणून त्याने ती सोडून दिली होती. तोच फॉन्ट! त्याने तो बसवला. रेवाईची फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली.

टोप्या गेल्या. पडदाभर मराठी उभी राहिली, काना-मात्रा-वेलांटीसकट. एक अक्षर जागचं हललं नव्हतं. श्रीरंगचे हात आपोआप जोडले गेले.

"बाबा..." त्याने वळून विचारलं. "ही खराब नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

बाबा पडद्याजवळ वाकून वाचत होते.

"मले कॉम्प्युटरातलं काय कळते, बाप्पा? पण रेवाईले मी वळखत होतो."