वारा कुठल्या विभागाचा

"मग भूगोल विभाग विज्ञान शाखेत घालू की मानव्यविद्येत, सर? तेवढं एक सांगा. बाकी सगळं मी बसवलंय."

डॉ. उल्हास बिवलकरांनी रेडकर सरांच्या ओटीवरच्या टेबलावर भला मोठा तक्ता पसरला होता. वरच्या चौकटीत कुलगुरू, खाली चार विद्याशाखा, त्यांच्याखाली एकतीस विभाग. विद्यापीठाच्या पुनर्रचनेचे काम त्यांच्याकडे आले होते आणि स्वारी भलतीच खुशीत होती.

समोर सर वाल सोलत बसले होते. सरांना निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली. तरी कुठलाही महत्त्वाचा कागद या जुन्या गुरूला दाखवल्याशिवाय बिवलकर पुढे पाठवत नसत. दाखवायचा म्हणजे कौतुक करून घ्यायचे, हे दोघांनाही ठाऊक होते.

"यात वारा कुठे येतो?" सरांनी विचारले.

"वारा?"

"हो. वाहतो तो."

"भूगोलात, सर. हवामानाच्या पेपरला."

"आणि कोळ्यांनी त्या वाऱ्याला ठेवलेलं नाव?"

"ते पर्यावरणशास्त्रात. स्थानिक ज्ञान म्हणून पेपर आहे ना." बिवलकरांनी तक्त्यावर बोट ठेवले. "सगळ्याला चौकट आहे, सर. आता एकही विषय लोंबकळणार नाही."

"बरं…"

सरांनी हात पुसले. शेजारची एक फाईल उचलून तक्त्यावर ठेवली.

"मग हे जरा वाच."

हर्षला वरसोलकर नावाच्या मुलीचा पीएच.डी.च्या नोंदणीसाठी अर्ज होता. विषय, किनाऱ्यावरच्या कोळ्यांची वाऱ्यांची नावे. अर्जामागे विद्यापीठाची पत्रे लावलेली होती. एकूण सात. तारखा पाहिल्या तर पहिल्यापासून शेवटच्या पत्रापर्यंत दोन वर्षे गेलेली.

भूगोल विभागाने लिहिले होते, 'विषय या विभागाच्या कक्षेत येत नाही. पर्यावरणशास्त्राकडे वर्ग करावा.'

पर्यावरणशास्त्राने उत्तर दिले होते, 'विषय मूलतः भूगोलाचा आहे. सबब परत.'

पुन्हा भूगोल, 'आपल्या विभागाच्या असहकार्याबद्दल खेद वाटतो.'

पुन्हा पर्यावरणशास्त्र, 'आपल्या पत्रातील भाषा उचित नाही. कृपया नोंद घ्यावी.'

बिवलकरांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"ही काय टोलवाटोलवी लावलीय? आणि भांडतात कसे बघा, शाळेतली पोरं बरी. सर, मी दोन्ही विभागप्रमुखांना कारणे दाखवा नोटीस काढतो. आजच."

"काढ," सर म्हणाले. "फक्त नावं नीट बघून घे."

सही शिक्क्याखाली दबली होती. बिवलकरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. मग दुसरा कागद. मग तिसरा.



भूगोलाचे प्रमुख ते स्वतः होते. पर्यावरणशास्त्राच्या प्रमुखाची जागा तीन वर्षे रिकामी, म्हणून तिथला अतिरिक्त कार्यभारही त्यांच्याकडेच होता. बारापर्यंत ते एका इमारतीत बसत, जेवून दुसऱ्या इमारतीत. तिथला लिपिक वेगळा, शिक्का वेगळा, जावक क्रमांक वेगळा. सातही पत्रांवर सही मात्र एकाच माणसाची होती.

हा माणूस दोन वर्षे स्वतःलाच पत्रे लिहीत होता आणि स्वतःवरच रागावत होता.

"लिपिक मसुदा ठेवतो, सर. मी… मी वाचलं नसणार."

"'खेद वाटतो' हे तर तू हातानं लिहिलंयस."

बिवलकरांनी तो कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"अक्षर तुझंच आहे. बी.ए.ला होतास तेव्हापासून ओळखतो मी."

सरांनी आत हाक मारली. माजघरातून एक मुलगी आली आणि दाराशी उभी राहिली. तीच हर्षला, फाईल घेऊन सकाळीच सरांकडे आलेली. हाताला काम नसल्यासारखी ती ओढणीचे टोक मुडपत होती.

"तू सरळ येऊन मला भेटायचं होतंस," बिवलकर म्हणाले. आवाज चढवायला गेले, पण तो चढला नाही.

"भेटले होते, सर. सकाळी भूगोलात भेटले. तुम्ही म्हणालात, पर्यावरणला जा. जेवणानंतर तिकडे गेले, तर तिथेही तुम्हीच होतात."

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, भूगोलाकडून लेखी आणा."

बिवलकरांनी फाईल मिटली. आपण तसे म्हणालो असणार, याबद्दल त्यांना शंका वाटेना. हेच त्यांना फार लागले.

"मुलाखती घ्यायला नोंदणी कशाला लागते?" ते हळूच म्हणाले. "माहिती तरी गोळा करायचीस."

"माहिती माझ्या आजोबांकडे आहे, सर. साठ वर्षं होडीवर होते. ते सांगत नाहीत. म्हणतात, 'घरात सांगितलं तं घरातच मरंल. इद्यापीठाचा कागद आण, मंग सगली नावं सांगतो.' रोज विचारतात, कागद आला का."

"किती नावं आहेत?"

हर्षलाने सरांकडे पाहिले. सरांनी मान हलवली.

"अर्ज केला तेव्हा म्हणायचे, एकोणीस. पाचव्या पत्राच्या वेळी विचारलं तर म्हणाले, बारा असतील." ती थांबली. "परवा विचारलं. म्हणाले, सात. माझं नाव त्यांना आता आठवत नाही, सर. कागदाचं मात्र आठवतं."

बारा वारे आपण सही करकरून घालवले, हे बिवलकरांना कुणी सांगायची गरज राहिली नव्हती. शरमेने त्यांना मान वर करवेना.

मग एकाएकी त्यांनी खिशातून पेन काढले.

"दे तो अर्ज. इथेच मंजूर करतो. आत्ताच्या आत्ता."

हर्षलाने फाईलमधला अर्ज पुढे केला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला.

बिवलकरांनी पेनचे टोपण काढले. पेन कागदाला टेकवले… आणि तिथेच ते अडले.

अर्जाच्या तळाशी एकच रेघ होती. रेघेखाली छापले होते, 'विभागप्रमुख'. त्याच्यापुढची जागा कोरी होती.

क्षण गेला. दुसरा गेला. हर्षला त्या पेनाच्या टोकाकडे बघत होती.

बिवलकरांनी मान वर केली.

"सर… ही सही भूगोलाकडून करू की पर्यावरणकडून?"

हर्षलाने डोळे मिटून घेतले.

रेडकर सर उठले. त्यांनी पायांत चपला सरकवल्या. भिंतीकडची रिकामी खुर्ची ओढत आणली आणि बिवलकरांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली.

"बसा. बोलून घ्या एकदाचं दोघं," ते त्या दोन्ही खुर्च्यांना म्हणाले. "आम्ही तोवर हिच्या आजोबांकडे जाऊन येतो."