एक पाय, पट्टी आणि भरली घागर

कुरणगडात चौधरी निवडायचा होता, आणि तो कसा निवडायचा हे ठरवायचा अधिकार कोणाचा, यावरून तीन मोठी माणसं एकमेकांच्या पागोट्याला हात घालायचीच काय ती बाकी राहिली होती!

रीत तशी सोपी होती. देवळाच्या ओट्यावर उमेदवारांची मडकी मांडायची, जो पसंत असेल त्याच्या मडक्यात चिंचोका टाकायचा आणि घरी जाऊन भाकरी खायची. पण राजा भूपतसेनाच्या डोक्यात कुठला किडा वळवळला कोण जाणे! हुकूम निघाला, "मत देणाऱ्यानं एका पायावर उभं राहावं. ज्याला तोल नाही, त्याच्या मताला मोल नाही!"

"नियम बदलायचा अधिकार दिवाणाचा!" दिवाण त्र्यंबकपंत कडाडले. "मत देणाऱ्यानं डोळ्यांवर पट्टी बांधावी. तोंड बघून मत देणं म्हणजे निव्वळ पक्षपात!"

"अधिकार पंचमंडळाचा!" पंचांचे म्होरके माणकोजी महाजन त्यांच्याही वर गरजले. "मत देणाऱ्यानं डोक्यावर भरली घागर घ्यावी. ज्याला घागर सांभाळत नाही, तो गावाचं काय भलं करणार?"

या भांडणात मरण कोणाचं? खेमा दवंडीवाल्याचं! एकाची दवंडी पिटून तो हलगी खाली ठेवतो न ठेवतो, तोच दुसऱ्याचा शिपाई दारात हजर. ओरडून ओरडून बिचाऱ्याचा घसा असा बसला, की जेवताना मीठ मागायचं तरी हातवारे करावे लागत. त्याची लेक येसू हे सगळं बघत होती आणि आतल्या आत चरफडत होती.

शेवटी तिघांनी मिळून खेमाला दरबारात उभं केलं. तेवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं!

"उद्या एकच दवंडी पिट," राजा म्हणाला. "आमच्या तिघांपैकी कोणाचाही हुकूम मोडायचा नाही."

"आणि शेवटी नाव एकाचंच घे," दिवाण म्हणाले.

"आणि उरलेल्या दोघांचा अपमान झाला," महाजनांनी मिशीवर ताव दिला, "तर हलगी जप्त आणि तू हद्दपार!"

खरी मेख होती ती नावाची. कुरणगडात दवंडीच्या शेवटी हुकूम देणाऱ्याचं नाव घ्यायचा रिवाज होता. गाऱ्हाणं कोणाच्या दारात न्यायचं ते लोकांना कळायला नको का? खेमानं एकाचं नाव घ्यावं तर दोघं खवळणार, आणि कोणाचंच न घ्यावं तर तिघंही.

खेमा घरी येऊन भिंतीला टेकून बसला. हलगी गेली तर खायचं काय, आणि गाव सुटलं तर जायचं कुठं? बापाच्या डोळ्यांत आलेलं पाणी येसूनं बघितलं. पण रडत बसणाऱ्यातली पोर नव्हती ती.

"बाबा, उद्या हलगी घेऊन मी जाते," ती म्हणाली. "आपल्याला इकडे आड नि तिकडे विहीर ना? मग पाणी त्यांनाच भरायला लावू!"

सकाळी देवळापुढं सगळं गाव लोटलं. तिघं थोर पुरुष मांडवात तोंडं फिरवून बसले होते. येसूनं हलगी कडाडून वाजवली.

"ऐका हो ऐका! मत देणाऱ्यानं एका पायावर उभं राहायचं, डोळ्यांवर पट्टी बांधायची नि डोक्यावर भरली घागर घ्यायची हो! हुकूम..."

आणि ती थांबली.

"अगं, हुकूम कोणाचा?" गर्दीतून एक म्हातारी ओरडली. "आणि हे जमायचं कसं, बाई?"

"मला तरी कुठं ठाऊक, आजी!" येसू म्हणाली. "पण ज्यानं नियम केला त्याला जमतच असेल की! जो करून दाखवील, त्याचं नाव घेते."

"माझा हुकूम!" राजा उठला. "मी दाखवतो!"

"तुम्ही दाखवाल नि नाव तुमचं होईल? वा रे वा!" दिवाणांनी धोतराचा काचा मारला. महाजन तर तोवर ओट्यावर चढलेसुद्धा!

तिघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. पागोटी उतरली, डोक्यावर काठोकाठ भरलेल्या घागरी चढल्या. तिघांनी एकेक पाय उचलला, आणि मग जे काय झालं ते विचारू नका! राजानं मडकं समजून दिवाणांच्या कानात चिंचोका घातला. दिवाण किंचाळले आणि आधाराला जे हाती लागलं ते धरून बसले. ती महाजनांची शेंडी होती! महाजन कोलमडले ते राजावर, राजा मडक्यांवर, आणि तिन्ही घागरी सगळ्यांवर! गाव पोट धरधरून हसलं.

येसूनं हलगीवर हलकी थाप मारली. "आता सांगा, हुकूम कोणाचा म्हणू?"

"दिवाणांचा!" राजा अंगावरचं पाणी झटकत म्हणाला.

"छे छे! पंचमंडळाचा!" दिवाण कानातून चिंचोका काढत ओरडले.

"आमचा कसला? राज्य महाराजांचं!" महाजनांनी हात जोडले.

"ऐका हो ऐका!" येसूचा आवाज वेशीपर्यंत गेला. "या हुकुमाला धनीच नाही हो! बेवारशी हुकूम कोणी पाळू नये. सरळ दोन पायांवर उभं राहा नि चिंचोका टाका हो!"

"थांब पोरी!" महाजन उसळले. "आमचे हुकूम मोडलेस तू!"

"मी? सरकार, तिन्ही हुकूम साऱ्या गावासमोर पाळले गेले. मोडलं काहीच नाही, फुटल्या त्या घागरी. आणि अधिकार तर तुम्हीच एकमेकांना देऊन टाकलात. दिलेली वस्तू परत मागतं का कोणी?"

राजाला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. ते इतकं वाढलं, की दिवाण आणि महाजनही हसायला लागले.

"माग पोरी, काय मागायचं ते!" राजा म्हणाला.

"आमच्या बाबांना घसा सुधारेपर्यंत गप्प बसायचा हुकूम द्या. रोज मधाची वाटी आणि पगार चालू."

"दिला! वर चांदीच्या कड्यांची नवी हलगी!"

येसूनं लगेच हलगी उचलली. "हा हुकूम कोणाचा म्हणू, महाराज?"

राजानं आधी आजूबाजूला नीट बघितलं.

"माझा!" तो म्हणाला. "पण घागर आणू नकोस!"