पृथ्वीचं वय आणि माझी सोयरीक

आमच्या गावात एक भोळा माणूस राहतो. त्याचं नाव डोमाजी. गावकरी त्याला आणखी एका नावानं हाक मारतात, पण ते इथं सांगत नाही, कारण डोमाजी म्हणजे मीच.

एका उन्हाळ्यात शहरातून बोकील मॅडम आल्या. गावामागच्या टेकडीचे दगड फार जुने आहेत म्हणे, त्यांचं वय काढायचं होतं. त्यांची हातोडी आणि पिशवी उचलायला त्यांनी मला ठेवलं. त्याच दिवसांत माय माझ्यासाठी मुली पाहत होती. तिनं बजावलं, मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांचं बोलणं ध्यानात ठेव, कुठंतरी उपयोगी पडेल.

मॅडमनी नाल्याची दरड दाखवली. गाळाचे थर एकावर एक बसतात. खालचा जुना, वरचा नवा. मी ध्यानात ठेवलं.

मग माय आणि मामा मला घेऊन पहिल्या घरी गेले. वाटेत माय म्हणाली, जुन्या माणसांच्या पाया पडायचं. आत एक पिकल्या मिशांचे गृहस्थ खुर्चीवर बसले होते, आणि खाली सतरंजीवर एक पोरगं गोट्या खेळत होतं. मी सतरंजीवर लोटांगण घालून पोराच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून त्या गृहस्थांचा गालगुच्चा घेतला आणि कितवीत आहेस म्हणून विचारलं. ते मुलीचे आजोबा होते. आम्ही चहा न घेताच परतलो.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पाठमोऱ्या बसल्या, खांदे हलत होते. मग म्हणाल्या, थरांवरून आधी काय आणि नंतर काय एवढंच कळतं, आणि कधी कधी अख्खे थरच उलटेपालटे होतात. म्हणून पूर्वीच्या एका विद्वानानं दुसरी युक्ती काढली. पृथ्वी आधी तापलेला गोळा होती, तर ती इतकी निवायला किती वर्षं लागली ते मोजा. गरम ते नवं, गार ते जुनं. मी ध्यानात ठेवलं.

दुसरं घर. माय म्हणाली, आता कुणाच्या पाया पडू नकोस, फक्त मुलगी तुझ्यापेक्षा लहान आहे ना तेवढं बघ. मुलगी नुकतीच भांडी घासून आली होती. बशी घेताना तिचा हात लागला, बर्फासारखा गार. कोपऱ्यात तिची आजी तापानं फणफणून पडली होती. मी जाऊन आजीच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. मी मुलीच्या बापाला हात जोडले. "मुलगी वयानं फार मोठी आहे जी. पण या कोवळ्या आहेत, या चालतील." मामा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, तो विद्वानही असाच फसला. त्याचं उत्तर काही कोटी वर्षांवरच अडलं. पृथ्वीच्या पोटात स्वतःची ऊब तयार होते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दगडांचे अभ्यासक म्हणत, वय याहून कितीतरी जास्त आहे. वर्षानुवर्षं वाद चालला.

"पृथ्वीचं वय पृथ्वीला विचारून कळत नाही, डोमाजी. तिचे पहिले दगड वितळून गेले. तिच्याबरोबर जन्मलेला दगड शोधावा लागतो."

तो आभाळातून पडतो. त्याच्यातल्या युरेनियमचं ठरावीक गतीनं शिसं होत जातं, ते मोजलं तर साडेचारशे कोटी वर्षं निघाली. मी ध्यानात ठेवलं.

तिसरं घर पुष्पकलाचं, शेजारच्याच गावात. माझ्या सदऱ्याची बटणं चुकली होती. तिनं पोहे ठेवता ठेवता डोळ्यांनीच ते दाखवलं आणि हसली. लोक मला नेहमीच हसतात. ही माझ्याकडे बघून हसली. इथं चुकायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं.

तिच्या वडिलांनी माझं वय विचारलं. माय म्हणाली तीस. सोबत आलेली मावशी म्हणाली छत्तीस. माय म्हणे मी मोठ्या पुरानंतरचा, मावशी म्हणे पुरात मला तिनंच कडेवर घेतलं होतं. दोघी हमरीतुमरीवर आल्या. वडील म्हणाले, तुम्हीच सांगा.

"माझं वय मला विचारून कळायचं नाही जी," मी म्हणालो आणि सायकल काढली.

आमच्या शेजारचा योगराज आणि मी एकाच दिवशी, एकाच सुईणीच्या हातून जन्मलो. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, लग्न व्हायचं होतं. अंगावर सगळं ग्रीस. साक्षीदार नीटनेटका हवा, म्हणून त्याला तोंड धुवायला लावलं आणि माझा नवा सदरा चढवला. बटणंही नीट लावली. मग डबलसीट आणून माझ्या खुर्चीवर बसवलं आणि मी बनियनवर दाराशी बसलो.

योगराजनं वय सांगितलं, चौतीस. धंदा सांगितला. पुष्पकलानं पुन्हा पोहे आणले. तिच्याकडे बघता बघता तो खायचं विसरला. वडील तिच्याशी आत जाऊन बोलले, बाहेर आले आणि म्हणाले, मुलगा पसंत आहे. माय काहीतरी बोलायला उठली. मी तिला खाली बसवलं. वय पटलं होतं, आता कशाला वाद? सगळ्यांच्या तोंडात पेढे मीच घातले.

लग्नाचा मांडव मी घातला. हळद योगराजला लागली, तेव्हा वाटलं, ही माणसं साक्षीदाराची फार बारकाईनं तपासणी करतात. पाटावरही त्यालाच उभं केलं. मी शेजारी उभा राहिलो. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरला, पुष्पकलानं योगराजच्या गळ्यात हार घातला. सगळ्यांच्या आधी टाळ्या मी वाजवल्या.

मग मायच्या कानाशी वाकून विचारलं, "त्याचं झालं. आता मी कधी उभा राहू?"