लाखेनं बसवलेलं पातं

“...मग यात खोट कुठं आहे, ते तरी सांगा.”

जामसिंगनं वेस्ताबाबांना हे तिसऱ्यांदा विचारलं. समोर बारा बाण मांडले होते. वेळूच्या दांड्या, त्यांच्या तोंडात बसवलेली पोलादी पाती. सगळं चकचकीत.

वेस्ताबाबा बाण करणारे. सातपुड्यातल्या उंबरपाटी पाड्यावर त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस बाण आधी त्यांना दाखवी, मगच मैदानात नेई. बाबा बाणाचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवत आणि उजव्या हातानं दांडी गरगर फिरवत. नख शांत राहिलं तर बाण जायचा. थरथरलं तर राहायचा.

जामसिंगचे बाराच्या बारा थरथरले होते.

आणि दसरा उद्यावर आला होता.

दर दसऱ्याला उंबरपाटी आणि पलीकडचं काकडमाळ यांची गवताच्या भाऱ्यावर नेमबाजी होई. गेल्या वर्षी जामसिंगचे बाण भाऱ्याला बरोबर लागले, पण उपटायला गेला तर हातात नुसत्या दांड्या आल्या. पाती भाऱ्यातच राहिली. काकडमाळच्या बायका म्हणाल्या, पोरगा आमच्या गावाला लोखंड दान करून चालला.

यंदा त्याच गावातली मुलगी त्याला सांगून आली होती. तिचे वडील खेमाजी उद्या मैदानाच्या कडेला बसून पाहणार होते.

म्हणून यंदा जामसिंगनं पाती बसवायला लाख वापरणं सोडलं. तालुक्याच्या दुकानातून दोन नळ्यांचा गोंद आणला. दोन्ही नळ्यांतलं सारखं घ्यायचं, कालवायचं, लावायचं. रात्रभरात दगड होतो.

“ओढून बघा,” तो म्हणाला. “बैल जुंपा हवं तर. पातं निघणार नाही.”

“दिसतंय ते,” बाबा म्हणाले. “त्याचंच वाईट वाटतं.”

त्यांनी एक बाण उचलून त्याच्या हातात दिला. पातं केसभर वाकडं बसलं होतं. तेवढं सरळ कर, म्हणाले.

जामसिंगनं चिमट्यानं पातं पिळून पाहिलं. हललं नाही. मग निखाऱ्यांवर धरलं. गोंद धुपला, काळा धूर निघाला, वेळू करपला. घरातून बाबांच्या बायकोनं विचारलं, कुणाची चप्पल जळतेय का?

पातं होतं तिथंच होतं. वाकडं.

बाबांनी आपला एक बाण घेतला. पातं निखाऱ्यांवर थोडा वेळ धरलं आणि चिमट्यानं अलगद बाहेर काढलं. पिकलेल्या चिंचेतून चिंचोका निघावा तसं.

जामसिंगला हसू आलं. “हे असं निघतं म्हणून तर...”

बाबांनी ऐकलं नाही. पात्याची शेपटी पुन्हा तापवली, तिला लाख लावली, दांडीत सरकवली, किंचित फिरवली. लाख घट्ट होईपर्यंत थांबून बाण नखावर घेतला.

नख थरथरलं.

पुन्हा निखारे. पुन्हा फिरवणं. पुन्हा थरथरलं. तिसऱ्यांदाही.

चौथ्या वेळी बाण नखावर असा फिरला की फिरतोय की उभा आहे ते कळेना.

“बाबा, तुमचा हातसुद्धा तीनदा चुकतो?”

“आज कमी चुकला.”

जामसिंगनं हळूच विचारलं, गेल्या वर्षी आपणही लाखच वापरली होती, चांगली उकळती. मग ती का सुटली?

“लाख तापवलीस,” बाबा म्हणाले. “पातं तापवलंस?”

तापवलं नव्हतं. गार पोलादाला गरम लाख वरवर चिकटली होती, आत धरलंच नव्हतं.

त्यानं बारा बाणांकडं पाहिलं. पंधरा दिवसांचं काम होतं. त्यातल्या त्यात बरे तीन नेले तर चालतील का, म्हणून त्यानं विचारून पाहिलं. बाबांनी शेजारचा कोयता त्याच्याकडं सरकवला.

जामसिंगनं कोयता हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला.

पहिला बाण तोडताना हात जड झाला. बाराव्याला तो शीळ घालत होता.

तोडलेले तुकडे त्यानं विस्तवात टाकले. आता वेळू जळाला तरी चालणार होता. बाबांची बायको नाकाला पदर लावून शेजारी निघून गेली. राख झटकून, शेपट्या घासून त्यानं पाती मोकळी केली. बाबांनी माळ्यावरच्या बारा कोऱ्या दांड्या काढून दिल्या आणि बिडी पेटवून कोंबड्यांकडं बघत बसले.

पहिलं पातं बसवून जामसिंगनं बाण बाबांपुढं धरला.

बाबांनी हात पुढं केला नाही.

“तुला नख नाही?”

मग त्यानं स्वतःच्या नखावर टेकवला. थरथरला. त्यानं बाबांकडं पाहिलं. बाबा कोंबड्याच बघत होते. त्यानं निखारे फुंकले.

उन्हं कलेपर्यंत तेच चाललं. काही पाती दोनदा निघाली, काही पाचदा. एक सातव्यांदा काढताना तो स्वतःशीच हसला. गोंदानं हे करू दिलं नसतं, असं मोठ्यानं म्हणाला आणि लाजला.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा आठ बाण शांत झाले होते. नेमबाजीला सहा लागतात.

त्यानं बाण बांधले, बाबांच्या पाया पडला, अंगणाच्या कुंपणापर्यंत गेला आणि वळला. चेहऱ्यावर पुन्हा दुपारचीच काळजी होती.

“पण बाबा... लाख ती लाखच. उद्या एखादं पातं भाऱ्यात राहिलंच, आणि खेमाजींसमोर सगळं काकडमाळ हसलं... तर?”

वेस्ताबाबांनी बिडी विझवली.

“तर पातं पुन्हा बसवायला विस्तव लागेल. जो सगळ्यात मोठ्यानं हसेल, त्याच्याच घरून माग.”