ओळंबा बदला!

"भिंत सरळच आहे! तुमचा ओळंबा वाकडा आहे. ओळंबा बदला!" राजा दळपतराव कडाडला.

आता दोरीला बांधलेला लोखंडी गोळा सरळ खालीच लोंबणार, तो वाकडा कसा होईल? पण राजाला हे सांगणार कोण? नववीच्या पोरांना गवंडीकाम शिकवायची शाळा त्यानेच काढलेली. उद्घाटनाला पहिली भिंतही त्यानेच बांधली. मुहूर्त टळेल म्हणून ओळंबा लावलाच नाही! भिंत वर जाता जाता जी पुढे झुकली, ती झुकलीच. दरबारी मंडळी मोठी हुशार! भिंतीसमोर आली की मान तिरकी करायची आणि म्हणायची, "वा, काय सरळ!"

शाळेत अभ्यास मात्र जोरात हं! सहा महिन्यांत पोरं भूमिपूजनाचं भाषण शिकली, हार घालायला शिकली, फीत कापायला शिकली. विटेला हात लावायचा तास काही उगवला नाही. शेवटी म्हाताऱ्या सखोबा मिस्त्रींनी न राहवून पोरांच्या हाती ओळंबा दिला, आणि पोरांनी तो नेमका राजाच्या भिंतीला लावला. खाली गोळा आणि भिंतीत चांगलं हातभर अंतर!

"उद्या दुपारपर्यंत माझ्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चिकटून राहील असा ओळंबा आणा," राजाने फर्मावलं, "नाहीतर शाळा बंद आणि मिस्त्री तुरुंगात!"

तेवढ्यात वर्गातली हौसा पुढे झाली. तिच्या आईने जन्मभर विटा वाहिल्या, पण थापी कुणी हातात दिली नाही. शाळा बुडाली तर हौसाच्याही डोक्यावर घमेलं ठरलेलंच होतं.

"आणते, महाराज! पण हा लोखंडी गोळा तुमचं ऐकत नाही. त्याच्या जागी हुकूम पाळणारं वजन पाहिजे."

"मग टांग की! प्रधानाला टांग!"

प्रधानजींना घाम फुटला.

"नको महाराज, त्यांचा काय भरवसा? तुमच्या हुकमाबाहेर कधीच न जाणारं माणूस राज्यात एकच. तुम्ही स्वतः!"

"पोरगी शहाणी आहे!" राजा खूश झाला.

दुसऱ्या दिवशी परांची बांधली, कप्पीला दोर लावला, दोराला पाट. पोरांनी राजाला पाटावर बसवून वर ओढलं. वर त्याचा खांदा भिंतीला घासला.

"बघा! चिकटलो की नाही?"

"चिकटलात, महाराज! आता सोडा रे हळूहळू!"

राजा खाली येऊ लागला आणि भिंत लांब जाऊ लागली. आधी बोटभर, मग वीतभर, मग हातभर! राजाने हात लांबवला, पाय झाडले, पाट गरगरला.

"अरे, ढकला मला भिंतीकडे!"

प्रधानजींनी ढकललं. राजा भिंतीवर धप्पकन आपटला आणि परत जागच्या जागी येऊन लोंबकळला. दरबाऱ्यांच्या माना अजून तिरक्याच!

हौसाने कमरेवर हात ठेवले. "बोला महाराज, आता ओळंबा तुम्हीच. काय बदलू? ओळंबा की भिंत?"

राजाने एकदा वर दोराकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग राजा असा काही हसला, की पाट पुन्हा गरगरला!

"भिंत! अगं बाई, भिंत बदल! आणि आधी मला उतरव!"

त्याच दिवशी राजाने चांदीच्या मुठीची थापी हौसाच्या हातात दिली, नवी भिंत पोरांनीच बांधावी असा हुकूम काढला, आणि विटा वाहायला सगळा दरबार लावला. प्रधानजींची तिरकी मान मात्र महिनाभर शेकावी लागली.